धूसर चेहऱ्यांचा इतिहास : ईमेलमधील छायाचित्रे पुसट का दिसतात? (थ्रेड)

ईमेलच्या खिडकीत पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी एक लहानसे वर्तुळ असते आणि त्या वर्तुळात त्याचा चेहरा. अक्षरे रेखीव, छापून काढल्यासारखी. चेहरा मात्र ओल्या काचेतून पाहावा तसा. नाक कुठे संपते आणि ओठ कुठे सुरू होतात हे कळू नये, चष्मा आहे की डोळ्यांखालची सावली याचा पत्ता लागू नये. विशेष हे, की तेच छायाचित्र त्या माणसाच्या मोबाइलमध्ये अगदी स्वच्छ असते.

मग ते पुसट झाले कुठे आणि केले कोणी? लोक या प्रश्नाचे उत्तर सेटिंगमध्ये शोधतात आणि पुष्कळदा हात हलवत परत येतात. उत्तराचा मोठा भाग १९५७, १९८५, १९९२, २०१० आणि २०१३ या सालांत विखुरलेला आहे. तो गोळा करण्यासाठी हा थ्रेड.

सुरुवात मात्र त्याहून मागून, पॅरिसपासून.

२७ नोव्हेंबर १८५४ रोजी आंद्रे आदोल्फ-युजेन दिस्देरी या छायाचित्रकाराने एका युक्तीचे पेटंट घेतले. तोवर एका काचेवर एक छायाचित्र निघे आणि ते महाग पडे. दिस्देरीने अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एकाच काचेवर आठ छोटी छायाचित्रे घेण्याची रीत बसवली. कागद आठ तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवायचा. आकार साधारण भेटपत्राएवढा, सुमारे ६ सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर उंच. म्हणून नावही ‘कार्त द व्हिझित’, म्हणजे भेटपत्र. पुढच्या दशकात या चेहऱ्यांचे युरोपभर वेड लागले. ते जपण्यासाठी खास आल्बम निघाले. (योगायोगाची गोष्ट : मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तीही १८५४ मध्येच.)

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, चेहरा लहान झाला तो सौंदर्यदृष्टीने नव्हे, खर्चापायी. पुढच्या सर्व कथेत हेच कारण वेषांतर करून पुनःपुन्हा येईल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दिस्देरीचे छायाचित्र लहान होते, पण पुसट नव्हते. काच थेट कागदावर ठेवून उन्हात ठसा उमटवला जाई. काचेवर जेवढे बारकावे, तेवढे कागदावर. अशा कार्डावर आजही भिंग धरले तर कोटाच्या गुंड्या मोजता येतात. लहान असणे आणि माहिती हरवणे या त्या काळी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्या एक झाल्या संगणकामुळे.

१९५७. अमेरिकेचे नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स. तेथील ‘सीअ‍ॅक’ या संगणकावर काम करणाऱ्या रसेल किर्श यांच्या मनात एक साधा प्रश्न आला : संगणकाला आकडे दिसतात, तर चित्रे का दिसू नयेत? त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फिरते नळकांडे तयार केले. त्यावर छायाचित्र गुंडाळायचे, नळकांडे फिरवायचे आणि परावर्तित प्रकाश ठिपक्याठिपक्याने मोजत जायचा. पहिले छायाचित्र किर्श यांनी घरूनच आणले, आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे. चित्र ५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद; ठिपके १७६ गुणिले १७६, म्हणजे एकूण ३०,९७६. जगातील हे पहिले अंकीय छायाचित्र.

एकशे शहात्तरच का? कारण यंत्राची स्मृती त्याहून फारसे सामावून घेऊ शकत नव्हती. शिवाय यंत्राला प्रत्येक ठिपका एकतर काळा दिसे नाहीतर पांढरा. मधल्या छटा मिळवण्यासाठी तेच चित्र निरनिराळ्या पातळ्यांवर पुनःपुन्हा वाचून एकावर एक रचावे लागले. ठिपके चौकोनी ठेवले गेले, कारण तेच सोयीचे होते. हा निर्णय पुढे साऱ्या जगाने जसाच्या तसा उचलला.

आता दिस्देरीचे कार्ड आणि किर्शचे बाळ शेजारी ठेवून पाहावे. कार्डावर भिंग धरले की अधिक दिसते. बाळाच्या चित्रावर भिंग धरले की चौकोन मोठे दिसतात, दुसरे काही नाही. दोन ठिपक्यांच्या मध्ये काय होते याची नोंदच झालेली नाही. अंकीय चित्रात लहान करणे म्हणजे दूर ढकलणे नव्हे. ते फेकून देणे आहे. पुसट छायाचित्राच्या साऱ्या तक्रारी या एका वाक्यात मावतात.

तरी ईमेलमध्ये चेहरा यायला अजून अवकाश होता. मुळात ईमेलमध्ये चेहऱ्याला जागाच नव्हती. ऑगस्ट १९८२ मध्ये ठरलेल्या मानकानुसार ईमेल म्हणजे ‘आस्की’ लिपीतील अक्षरे, आणि त्या लिपीत एकंदर १२८ चिन्हे. इंग्रजी मुळाक्षरे, आकडे, विरामचिन्हे, काही नियंत्रक खुणा. त्यात देवनागरी बसत नव्हती, फ्रेंचमधील उच्चारचिन्हे बसत नव्हती; मग नाक-डोळे कुठून बसणार?

पण माणसाला पत्र वाचताना चेहरा हवा असतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात पत्र आले की पाठवणाऱ्याचा चेहरा पडद्यावर दाखवणारी व्यवस्था वापरात आली. रॉब पाइक आणि डेव्हिड प्रेसोटो यांनी १९८५ मध्ये युनिक्स-वापरकर्त्यांच्या परिषदेत त्यावर निबंध सादर केला. त्या चेहऱ्यांचा आकार होता ४८ गुणिले ४८ ठिपके. चेहरा पत्रासोबत येत नसे. तो प्रयोगशाळेच्या स्वतःच्या साठ्यातून उचलला जाई. म्हणजे ओळखीच्या, घरातल्या माणसालाच चेहरा. परगावाहून आलेले पत्र बिनचेहऱ्याचे. आजच्या कार्यालयीन ईमेलमध्येही नेमके हेच चालते हे पुढे दिसेल.

चेहरा पत्राबरोबरच धाडायचा तर? त्यावर जेम्स अ‍ॅश्टन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने एक उपाय काढला. त्याचे नाव ‘एक्स-फेस’. पत्राच्या माथ्यावर जिथे ‘प्रेषक’, ‘विषय’, ‘दिनांक’ अशा ओळी असतात तिथेच आणखी एक ओळ, आणि तिच्यात चेहरा. पण अक्षरांच्या रूपात. साध्या डोळ्यांना ती ओळ म्हणजे टायपिस्टच्या हातून सांडलेल्या चिन्हांचा ढीग. योग्य प्रोग्राममध्ये उघडली की चेहरा.

गणित पाहण्यासारखे आहे. ४८ गुणिले ४८ म्हणजे २,३०४ ठिपके. प्रत्येक काळा किंवा पांढरा, म्हणजे एक बिट. एकूण २८८ बाइट. एवढेसेही जास्त वाटावे असा तो काळ; मोडेम सावकाश चालत आणि वेळेचे पैसे पडत. म्हणून एक्स-फेसमध्ये एक हुशारी केलेली होती. प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांवरून आधी ओळखायचा प्रयत्न करायचा. आजूबाजूला सारे काळे असेल तर हाही बहुधा काळाच. अंदाज बरोबर आला तर काही नोंदवायचे नाही. चुकला तर तेवढी चूक नोंदवायची. चेहऱ्यात केस, भिंत, कोट असे एकरंगी पट्टे पुष्कळ असल्याने अंदाज बहुतेक खरे ठरतात आणि नोंद छोटी राहते.

ही युक्ती विसरू नये. येथेही यंत्र अंदाज बांधते, परंतु प्रत्येक अंदाजाची दुरुस्ती सोबत पाठवते. चित्र जसे निघाले तसेच पोहोचते, एक ठिपका इकडचा तिकडे होत नाही. काळा-पांढरा, खडबडीत, शाळकरी ठशासारखा, पण खरा.

पुढे ‘फेस’ नावाची रंगीत आवृत्ती आली. तिच्यातही चित्र ४८ गुणिले ४८, पण ‘पीएनजी’ स्वरूपातले. तिची मर्यादा मजेशीर ठिकाणाहून आली. ईमेलच्या नियमांनुसार माथ्यावरील ओळ ९९८ अक्षरांहून लांब असता कामा नये. तीन बाइटांना चार अक्षरे या हिशोबाने त्या ओळीत सुमारे सव्वासातशे बाइट मावतात. एका माणसाच्या चेहऱ्यासाठी सव्वासातशे बाइट. लोकांनी रंग कमी केले, पार्श्वभूमी पुसली, केसांचे बारकावे सपाट केले आणि त्यात बसून दाखवले. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नव्हे.

दरम्यान ईमेलचे दार खुले झाले होते. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे मानक सिद्ध केले आणि पत्राला चित्र, ध्वनी, हवे ते जोडता येऊ लागले. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रात त्यांच्या गायक-चौकडीचे छायाचित्र आणि गाणे जोडलेले होते. नव्या मानकाची जाहिरात म्हणून गाणारे चार मित्र! याहून प्रसन्न उद्घाटन संगणकाच्या इतिहासात विरळा.

त्याच वर्षी ‘जेपेग’ मानक संमत झाले. तपशिलात शिरण्याचे कारण एवढेच की पुसटपणाचा दुसरा उगम येथे आहे. जेपेगच्या मुळाशी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे गणित आहे. ते मांडणारे नासीर अहमद मूळचे बंगळुरूचे. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कल्पनेसाठी अनुदान मागितले आणि ते नाकारले गेले. तरी काम सोडले नाही, टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज मोबाइलमधून निघणाऱ्या असंख्य छायाचित्रांमागे ते गणित उभे आहे.

जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील ढोबळ चढउतार ठेवून सूक्ष्म चढउतार वगळते. मोठ्या निसर्गदृश्यात हे लक्षातही येत नाही. पण ९६ गुणिले ९६ च्या चेहऱ्यात असे चौकोन भरतात अवघे १४४. एक डोळा दोन-तीन चौकोनांत संपतो. त्यातून सूक्ष्म ते वगळले की पापणी जाते, बुबुळातील चमक जाते. आणि तेच छोटे चित्र पुन्हा कोणी जतन केले की उरलेल्यातून पुन्हा वगळणे. जात्यातून निघालेले पीठ पुन्हा जात्यात घालावे तसे.

९६ गुणिले ९६ हा आकडा कुठून आला, हे सांगायला हवे.

चेहऱ्याला पत्त्याच्या नोंदीत जागा मिळाली ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर. अ‍ॅपल, एटीअँडटी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ या संघाने ‘व्हीकार्ड’ हे विद्युत भेटपत्र आणले. त्यात नाव, दूरध्वनी, पत्ता यांच्याबरोबर छायाचित्राचाही रकाना होता. दिस्देरीचे भेटपत्र दीडेक शतकाने त्याच नावाने परत आले. २००३ च्या आउटलुकमध्ये व्यक्तिगत संपर्काला छायाचित्र जोडता येऊ लागले. संपर्काच्या नोंदीला ‘कॉन्टॅक्टपिक्चर डॉट जेपीजी’ नावाची एक जोडफाइल असे, इतकी सरळ ती व्यवस्था. पुढच्याच वर्षी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ‘ग्रॅव्हटार’ सुरू केले : ईमेलच्या पत्त्यावरून कुठल्याही संकेतस्थळावर तुमचा चेहरा, आणि तो मागताना आकार सांगितला नाही तर ८० गुणिले ८०.

खरा पेच मोठ्या कार्यालयांचा होता. तिथे प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकाला दिसावा अशी अपेक्षा. त्यासाठी चेहरे ठेवायचे ते मध्यवर्ती निर्देशिकेत, मायक्रोसॉफ्टच्या जगात ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’त. ही निर्देशिका मुळात नाव, खाते, पासवर्ड, अधिकार सांभाळणारी. तिच्या नकला संस्थेच्या अनेक सर्व्हरांवर असतात आणि एकीकडे केलेला बदल सगळीकडे पोहोचवावा लागतो. तिच्यात ‘थंबनेलफोटो’ नावाचा एक रकाना होता, कमाल मर्यादा १०० किलोबाइट.

आता पन्नास हजार माणसांची एखादी संस्था कल्पावी. प्रत्येकी १०० किलोबाइट म्हणजे ५ गिगाबाइट, आणि ते प्रत्येक नकलेत. जी निर्देशिका लोकांना कामावर प्रवेश देते तिच्यावर चेहऱ्यांचे एवढे ओझे कोणता व्यवस्थापक लादेल? म्हणून २०१० च्या सुमारास शिफारस आली ती ९६ गुणिले ९६ ठिपक्यांची. आणि एक्स्चेंज २०१० मधून छायाचित्र चढवायचे तर मर्यादा १० किलोबाइट. पाच गिगाबाइटांचे अर्धा गिगाबाइट झाले. हिशोब चोख होता. त्यात निष्काळजीपणा नव्हता. एरवी पुसट फोटो पाहून संगणक विभागाला बोल लावण्याची रीत आहे. परंतु त्या काळी जे बसवले ते विचाराने बसवले होते. विंडोजचे पडदे पूर्वापार एका इंचाला ९६ ठिपके या गृहीतावर चालत. ९६ ठिपक्यांचा चेहरा म्हणजे त्या गृहीतानुसार बरोबर एक इंच. एक इंचाचा स्वच्छ चेहरा. आणखी काय हवे?

आणि मग त्याच वर्षी गृहीतच हलले.

जून २०१० मध्ये आयफोन ४ आला. आधीच्या आयफोनच्या पडद्यावर ३२० गुणिले ४८० ठिपके होते. नव्यात तेवढ्याच साडेतीन इंचांत ६४० गुणिले ९६०. दोन वर्षांनी, जून २०१२ मध्ये, लॅपटॉपचा पडदाही तसाच दाट झाला : २,८८० गुणिले १,८००. पाठोपाठ विंडोजचे पडदे. अक्षरांना याची चिंता नव्हती. अक्षर म्हणजे वळणाचे सूत्र. जितके ठिपके मिळतील तितके ते रेखीव उमटते. छायाचित्राकडे असे सूत्र नसते. त्याच्याजवळ असतात मोजून घेतलेले ठिपके, आणि तेवढेच. म्हणून त्या छोट्या वर्तुळात अक्षरे उजळली आणि चेहरा मागे राहिला.

पुन्हा गणित. ९६ गुणिले ९६ म्हणजे ९,२१६ ठिपके. दुप्पट दाट पडद्यावर तोच एक इंच भरायला लागतात १९२ गुणिले १९२, म्हणजे ३६,८६४. चारांतील तीन ठिपके कुठून आणायचे? ते संगणक शेजारच्या ठिपक्यांवरून सरासरी काढून भरतो. काळ्याच्या शेजारी पांढरा असेल तर मध्ये करडा. भुवई आणि कपाळ यांच्यात जी स्पष्ट रेघ होती तिच्या जागी करड्या छटांचा उतार येतो. त्या उतारालाच आपण ‘पुसट’ म्हणतो. आपण पाहतो तो चेहरा एक चतुर्थांश छायाचित्र आणि तीन चतुर्थांश अनुमान असतो.

या क्रियेचे नाव ‘इंटरपोलेशन’. इतिहासाच्या आणि संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हा शब्द वेगळ्या घरचा म्हणून ठाऊक आहे. पाठचिकित्सेत इंटरपोलेशन म्हणजे प्रक्षेप. मूळ ग्रंथात मागाहून कोणीतरी घुसवलेला श्लोक. शब्द एकच, आणि व्यवहारही पुष्कळसा एकच : दोन अस्सल गोष्टींच्या मधली फट कोणीतरी आपल्या समजुतीने भरतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत दोन शिस्ती होत्या. जे प्रक्षिप्त वाटले ते नष्ट केले नाही; तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. आणि मूळ पाठात जिथे संपादकांना पुरती खात्री नव्हती तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. वाचकाला कळावे, की येथे जमीन पक्की नाही. पडद्यावरील चेहऱ्यात मात्र कोणता ठिपका मोजलेला आणि कोणता भरलेला हे सांगणारी रेघ नसते.

पुन्हा कथेकडे. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज २०१३ मध्ये मोठे छायाचित्र निर्देशिकेऐवजी प्रत्येकाच्या टपालपेटीत ठेवायला सुरुवात केली. आकार ६४८ गुणिले ६४८. जुन्या ९६ च्या तुलनेत पंचेचाळीस पटींहून अधिक ठिपके. त्यातूनच ४८, ६४, ९६, १२०, २४० असे लहानमोठे आकार काढून जिथे जो हवा तो द्यायचा. निर्देशिकेत राहिला एक लहान चेहरा, जुन्या प्रोग्रामांसाठी. उपाय शहाणपणाचा होता; पण आता एका माणसाचे दोन चेहरे झाले. एक टपालपेटीत, स्वच्छ. एक निर्देशिकेत, जुना.

तिसराही असू शकतो : कोणा सहकाऱ्याने कधीकाळी आपल्या व्यक्तिगत संपर्कात जोडून ठेवलेला. आणि चौथा : प्रत्येकाच्या संगणकाने वेळ वाचवण्यासाठी बाजूला जपून ठेवलेली नक्कल. या चारांपैकी कोणता दिसेल हे प्रोग्राम, त्याची आवृत्ती आणि नशीब यांवर अवलंबून. ज्या संस्थांची निर्देशिका आपल्या इमारतीत आणि टपाल क्लाउडमध्ये होते त्यांची आणखी एक अडचण. निर्देशिकेतील लहान छायाचित्र क्लाउडमधल्या पेटीत पहिल्यांदा उचलले जाई. नंतर निर्देशिकेत ते बदलले तरी पेटीला पत्ता नसे. संगणक विभाग शपथेवर सांगे की फोटो बदलला आहे. तक्रारदार शपथेवर सांगे की बदललेला नाही. दोघेही खरे बोलत.

तेव्हा पुसट चेहरा दुरुस्त करणे म्हणजे काय? उजेड वाढवणे, कडा धारदार करणे हे उपाय सर्वांत आधी सुचतात, आणि ते व्यर्थ असतात. त्यांनी करड्या उताराला फक्त काळी किनार मिळते. इतिहासकार ज्या वाटेने जातो तीच वाट येथे लागू पडते : नकलेवर काम करू नये, मूळ शोधावे. कॅमेऱ्यातून निघालेली पहिली फाइल हुडकायची. ज्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ती ‘फोटो’ म्हणून फिरली त्यावरून उचलायची नाही, कारण तिथे ती एकदा दळून निघालेली असते. चेहरा मध्यभागी येईल असा चौरस कापायचा, बाजू निदान ६४८ ठिपक्यांची. तो टपालपेटीच्या छायाचित्रात चढवायचा, निर्देशिकेतील लहान चेहरा त्याच मूळातून नव्याने काढायला लावायचा आणि व्यक्तिगत संपर्कातील जुना काढून टाकायचा. मग थांबायचे. जपलेल्या नकला आपल्या गतीने शिळ्या होतात. एकाच्या पडद्यावर दुपारी चेहरा स्वच्छ होतो, दुसऱ्याच्या पडद्यावर दुसऱ्या दिवशी.

हे सगळे मूळ हाती असेल तर. पण पुष्कळदा ते नसते. मूळ फाइल ज्या संगणकात होती तो केव्हाच भंगारात गेला. संस्था सोडून गेलेला, निवृत्त झालेला, वारलेला माणूस. त्याचा कार्यालयातला चेहरा म्हणून उरतात ते ९,२१६ ठिपके. तेव्हा मोह होतो : यंत्राला सांगावे, तूच पुरा कर.

तो मोह कुठे नेतो हे जून २०२० मध्ये दिसले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची पद्धत मांडली होती. १६ गुणिले १६ ठिपक्यांचा धुरकट चेहरा द्यावा आणि १,०२४ गुणिले १,०२४ चा, रोमारोमापर्यंत स्पष्ट चेहरा मिळावा. कोणीतरी तिच्यात बराक ओबामा यांचे ठिपकेदार छायाचित्र घातले. मूळ कोणाचे आहे हे पाहणाऱ्याला त्या ठिपक्यांतही ओळखू येत होते. यंत्राने जो चेहरा बाहेर काढला तो स्वच्छ, सुबक आणि एका गोऱ्या माणसाचा होता.

यावर मोठे वादळ उठले आणि ते रास्त होते. प्रशिक्षणासाठी वापरलेल्या छायाचित्रांत गोऱ्या चेहऱ्यांचा भरणा अधिक, हे त्यातले एक कारण. परंतु पद्धतीचा स्वभाव समजून घेतला तर त्याहून खोल गोष्ट दिसते. पल्स हरवलेले परत आणतच नव्हती. लहान केल्यावर दिलेल्या ठिपक्यांसारखा दिसेल असा एखादा कल्पित चेहरा ती शोधत होती. असे चेहरे असंख्य असू शकतात. त्यांतला एक तिने दिला, बस्स. ओळख पटवण्यासाठी ही पद्धत नाही, हे तिच्या कर्त्यांनीही स्पष्ट केले होते. पण चित्राखाली तशी नागमोडी रेघ नव्हती, आणि चेहरा इतका स्वच्छ होता की शंका यायला जागाच राहू नये.

पुसट चेहरा निदान खोटे बोलत नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही असे तो आपल्या करड्या छटांतून सांगत असतो. कार्यालयीन यादीत एखाद्या माणसाच्या नावाशेजारी दुसऱ्याच कोणाचा रेखीव चेहरा बसला, तर पन्नास वर्षांनी ती यादी उघडणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग उरणार नाही.

रसेल किर्श यांनाही आपल्या जुन्या निर्णयाची रुखरुख लागून राहिली होती. ठिपके चौकोनी ठेवायला नको होते असे त्यांना वाटे. २०१० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्यांनी त्याच संस्थेच्या नियतकालिकात नवा निबंध लिहिला. ६ गुणिले ६ ठिपक्यांचे गट घ्यायचे, प्रत्येक गटात उजेड आणि अंधार यांची सीमा नेमकी कोठून जाते ते पाहायचे आणि त्या रेषेवर गटाचे दोन तुकडे करायचे; त्रिकोणी किंवा आयताकृती, जसे जमेल तसे. हाती मोजून घेतलेले ठिपके पुष्कळ असतील, तर त्यांच्यापासून चौकोनांऐवजी चेहऱ्याच्या वळणाशी जुळणारे तुकडे करता येतात, एवढीच त्यांची मांडणी होती. आधीच हरवलेले परत आणण्याचा दावा त्यांनी केला नाही.

पल्सचा वाद पेटला त्याच उन्हाळ्यात, ११ ऑगस्ट २०२० रोजी, किर्श पोर्टलंड येथे निवर्तले. १९५७ चे ते चित्र पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात आहे. बाळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे, की कॅमेऱ्याच्या किंचित वर, हे त्या १७६ ठिपक्यांवरून आजही नीटसे सांगता येत नाही.